पाटी लावली की झालं?

मे महिन्यातल्या रविवारी एखाद्या वॉटर पार्कच्या वेव्ह पूलपाशी उभे राहा आणि पाण्याकडे पाठ करा. पाण्यात काय चाललंय ते न बघताही कळतं. काठावर बघा. प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग, खुर्च्यांवर टॉवेल, टॉवेलांखाली पिशव्या, आणि पिशव्यांच्या प्रत्येक ढिगापाशी एक बाई. कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची थोरली जाऊ. मांडीवर चार मोबाइल, दोन चष्मे, एक पाकीट. पाण्यातून हाक येते, "आई, ये ना गं!" ती हात हलवते, "तुम्ही खेळा रे, मी बसते सामानापाशी."

तिचंही पूर्ण तिकीट काढलेलं असतं. तिच्याही तिकिटावर जीएसटी भरलेला असतो. थीम पार्क आणि वॉटर पार्कसाठी तो आधी २८ टक्के होता, २०१८च्या जानेवारीत १८ टक्क्यांवर आला. ती १८ टक्के कर भरून आत येते आणि दिवसभर फुकट राखण करते.

चोर आला नाही तरी या बाईचा दिवस गेलेलाच असतो. पार्कातल्या चोऱ्यांबद्दल बोलताना सगळे मोबाइल आणि पाकिटं मोजतात. हा दिवस कुणी मोजत नाही. तो मोजायला हवा, आणि तो कुणाच्या नावावर मांडायचा हेही स्पष्ट सांगायला हवं.

ती तिथे हौसेनं बसलेली नसते. लॉकरवर तिचा विश्वास नसतो, आणि नसण्याला कारणं आहेत. बऱ्याच ठिकाणी लॉकरचं दार पातळ पत्र्याचं, कोपऱ्यात बोटं घालून ओढलं की वाकणारं. किल्लीचा पट्टा मनगटाला, आणि त्या पट्ट्यावर ठळक आकड्यात लॉकरचा नंबर. पट्टा पाण्यात गळून पडला तर ज्याला सापडेल त्याला कुठलं दार उघडायचं हेही आयतं कळतं. आणि हे लॉकर असतात कुठे? बहुतेकदा कपडे बदलायच्या खोलीत. तिथे कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. कपडे बदलणाऱ्या बाईचं चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि तो तसाच राहायला हवा. पण मग ज्या जागेत हजारो लोकांचे पैसे, फोन आणि दागिने एकत्र ठेवले जातात, नेमकी तीच जागा अख्ख्या पार्कात नजरेआड राहते. हे नकाशा काढतानाच दिसायला हवं होतं.

आणि या सगळ्याच्या वर पाटी. मौल्यवान वस्तूंची जबाबदारी ज्याची त्याची, हरवल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. लाल अक्षरांत, भाड्याच्या दरांच्या शेजारीच.

माझं भांडण या पाटीशी आहे.

लोकलमध्ये किंवा जत्रेत पाकीट मारलं जातं तेव्हा कुणी आपल्याला ते खिशातून काढायला सांगितलेलं नसतं. वॉटर पार्कात सांगितलेलं असतं. दारातच नियम सुरू होतात. सुती कपडे चालणार नाहीत, नायलॉनचाच कॉस्च्यूम हवा, कारण सुताचे धागे पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात. बरोबर आहे. स्लाइडवर चष्मा नको, घड्याळ नको, गळ्यात काही नको, कारण वेगात साखळी अडकली तर गळ्याला इजा होईल. अगदी बरोबर. रोलर कोस्टरवर खिशात फोन नको, कारण तो वरून पडला तर खालच्याचं डोकं फुटेल. हे नियम जिवासाठी आहेत, ते पाळलेच पाहिजेत, आणि ते मोडणाऱ्या हौशी लोकांना पार्कनं हात धरून बाहेर काढलं तरी मी पार्कच्याच बाजूनं बोलेन.

पण नायलॉनच्या कॉस्च्यूमला खिसा नसतो. पार्क मला सांगतं की हे अंगावरून उतरव, आणि मी उतरवतो. त्या क्षणी माझ्या वस्तूची राखण माझ्या हातून गेलेली असते. नियम तुमचा. लॉकर तुमचा. भाडं तुम्ही घेतलंत, किल्लीची अनामत तुम्ही ठेवून घेतलीत. मग जबाबदारी तेवढी माझी कशी?

देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्याला हे कळतं. तो दोन-पाच रुपये घेतो, पत्र्याचा बिल्ला हातात देतो आणि एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात जाऊ देत नाही. गेलीच, तर पाटीकडे बोट दाखवत बसत नाही. उठतो आणि शोधायला लागतो.

कायदाही पाटीवाल्याच्या बाजूचा नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात ठेवून घेणाऱ्यानं काय करायचं, हे त्यात कलम १४८पासून पुढे सांगितलेलं आहे. कलम १५१चा अर्थ घरच्या भाषेत असा, की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी या वस्तूचीही घ्यायची.

आता दिल्लीच्या ताज महाल हॉटेलचं प्रकरण बघा. १९९८च्या ऑगस्टमधली रात्र. एक पाहुणा मारुती झेन घेऊन आला. गाडी आणि किल्ली त्यानं हॉटेलच्या माणसाच्या हवाली केली आणि पावती घेतली. बाहेर आला तेव्हा गाडी दुसराच कुणी घेऊन गेलेला. पावतीवर छापलेलं होतं की गाडी पाहुण्याच्या स्वतःच्या जबाबदारीवर उभी केली आहे, चोरी झाली तर व्यवस्थापनाचा संबंध नाही. म्हणजे आपलीच पाटी, कागदावर. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १४ नोव्हेंबर २०१९ला निकाल लागला. गाडी एकदा ताब्यात घेतली की स्वतःच्या निष्काळजीपणासाठी त्या छापील अटीआड लपता येणार नाही, असं कोर्टानं सांगितलं. आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे आधी हॉटेलनंच दाखवून द्यायचं. एका गाडीसाठी एकवीस वर्षं गेली, हे खरं. पण छापील ओळीची किंमत काय, ते देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टाच्या कागदावर आलं.

सव्वा वर्षानं, १९ फेब्रुवारी २०२१ला, त्याच कोर्टानं बँकांच्या लॉकरबद्दल निकाल दिला. लॉकरमध्ये काय ठेवलंय ते आम्हाला ठाऊक नसतं, तेव्हा आम्हाला काही विचारू नका, असं म्हणून बँकांना हात झटकता येणार नाहीत. रिझर्व्ह बँकेला नियम करायला सहा महिने दिले. नियम झाले आणि १ जानेवारी २०२२पासून लागूही झाले. आग लागली, चोरी झाली, दरोडा पडला, इमारत कोसळली किंवा बँकेच्याच नोकरानं हात मारला, तर बँकेवर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत जबाबदारी.

हे निकाल हॉटेलचे आणि बँकेचे आहेत, वॉटर पार्कचे नाहीत. पार्कचा वकील हे म्हणेलच. किल्ली तर ग्राहकाच्याच मनगटावर होती, असंही म्हणेल. म्हणू दे. बँकेच्या लॉकरचीही एक किल्ली ग्राहकाच्याच कपाटात असते.

माझी मागणी यातूनच निघते. पार्कानं दिवसाच्या भाड्याच्या शंभर पट भरपाई मान्य करावी आणि तो आकडा लॉकरच्या दारावर छापावा. भाडं शंभर रुपये असेल तर दहा हजार, दोनशे असेल तर वीस हजार. कुणी लखपती होणार नाही. एक मध्यम मोबाइल भरून निघेल, एवढंच. पण ज्या दिवशी फुटलेल्या लॉकरचे वीस हजार पार्कच्या गल्ल्यातून जायला लागतील, त्या दिवशी पत्र्याची जाडी आपोआप वाढेल. पट्ट्यावरचा नंबर जाईल. दुसरी किल्ली कुणाकडे असते, ती केव्हा आणि कुणासमोर वापरली, याची वही उघडली जाईल. आज चोरीचा खर्च शून्य आहे, म्हणून सुधारणाही शून्य आहे.

बाकीची दुरुस्तीही अवघड नाही. लॉकर कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर काढा. उघड्या व्हरांड्यात, चार लोकांच्या येण्याजाण्यात ठेवा आणि त्यांच्यावर कॅमेरा रोखा. आत फक्त कपडे बदलायचे, सामान बाहेर ठेवायचं. एवढ्यानं निम्मा अंधार जाईल.

पाळण्यांच्या बाबतीत फ्लोरिडातल्या ऑरलँडोकडे बघावं. मराठी मंडळी दरवर्षी टूरबरोबर तिथे जातात आणि येऊन फोटो दाखवतात, पण ही गोष्ट सांगत नाहीत. युनिव्हर्सलच्या पार्कांत ज्या कोस्टरवर सुटं सामान न्यायला मनाई असते, तिथे एक छोटा लॉकर त्या फेरीपुरता फुकट मिळतो. काही कोस्टरांच्या रांगेत धातू शोधणारी कमान असते, खिशात फोन राहून गेला का ते पाहायला. २०२१ला सुरू झालेल्या वेलोसिकोस्टरला तर दोन्ही बाजूंनी उघडणारे लॉकर आहेत. चढण्याआधी एका बाजूनं ठेवायचं, उतरल्यावर दुसऱ्या बाजूनं काढून घ्यायचं. रांगेत तासभर उभं असताना फोन आपल्याच खिशात. मनाई करणाऱ्यानं सोयही केली पाहिजे, हा साधा व्यवहार तिथे पाळलेला दिसतो. दिवसभराच्या मोठ्या लॉकरला तिथेही पैसे पडतात, आणि चोर तिथेही आहेत. पाळण्याबाहेर बाबागाड्या रांगेनं लावून लोक आत जातात, पिशवी मात्र दांडीलाच अडकवलेली. परदेशात त्या पिशवीत पासपोर्ट असेल तर पुढचे दिवस वकिलातीच्या दारात जातील. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवा आणि पार्कात त्याची छायाप्रत न्या.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते. पार्कात काही गेलं की पहिली नजर जाते झाडलोट करणाऱ्या मावशींकडे. मग लॉकरपाशी बसणाऱ्या पोराकडे. कंत्राटदाराची माणसं, आसपासच्या गावांतली, तुटपुंज्या पगाराची. संध्याकाळी घरी जाताना डबा उघडून दाखवायची पाळी त्यांच्यावरच येते, साहेबांवर नाही. ज्याचा फोन गेला तो चारचौघांत त्यांच्यावर ओरडतो, आणि मॅनेजर ग्राहक शांत व्हावा म्हणून त्यांना कामावरून काढून टाकायचं बोलतो. चोर दुसऱ्या टोकाला भज्यांच्या रांगेत उभा असू शकतो. त्याचंही तिकीट काढलेलं, त्याच्याही अंगात नायलॉनचा कॉस्च्यूम. लॉकरवर कॅमेरा असता, वही असती, तर या माणसांची पहिल्या पाच मिनिटांत सुटका झाली असती. पुरावा नसला की संशय नेहमी गरिबाच्या दारात जातो. ग्राहकाच्या फोनइतकीच मला या मावशींच्या नोकरीची काळजी आहे, आणि दोन्ही वाचवायला उपाय एकच आहे.

सापडलेल्या वस्तूंचंही तेच. दिवस संपला की तलावाच्या तळाशी, जाळीत, गाळणीच्या टोपलीत कानातली, अंगठ्या, पैंजण निघतात. ती उचलणारे हात याच माणसांचे असतात. करार कायद्याचं कलम ७१ सांगतं की सापडलेली वस्तू ज्यानं ताब्यात घेतली त्याच्यावर ती सांभाळायची तेवढीच जबाबदारी येते, जेवढी ठेवून घेणाऱ्यावर असते. तेव्हा सापडलेल्या वस्तूंची यादी रोज दारावर लागली पाहिजे आणि पार्कच्या संकेतस्थळावरही दिसली पाहिजे. ज्यानं आणून दिलं त्याला बक्षीसही मिळालं पाहिजे.

हे सगळं होईपर्यंत आपण काय करायचं?

सोनं घरी ठेवायचं. यावर मी वाद ऐकणार नाही. २०२५मध्ये सोन्यानं दहा ग्रॅमला एक लाखाचा आकडा ओलांडला. एवढं गळ्यात घालून जिथे ते दारातच उतरवावं लागणार, तिथे जायचंच कशाला? मंगळसूत्र काढायचं नाही असं घरात वाटत असेल तर काळ्या मण्यांचं साधं, बिनसोन्याचं घालून जा. आणि घरातल्या मोठ्यांनी सुनेला तसं आपणहून सांगावं. तिनं विचारायची वाट बघू नये.

फोनचं मात्र लांबवून सांगायला हवं. गोराईला एस्सेल वर्ल्ड १९८९मध्ये सुरू झालं, शेजारचं वॉटर किंगडम १९९८मध्ये. तेव्हा बोटीनं पलीकडे जाणाऱ्याच्या खिशात थोड्या नोटा असायच्या, फार तर एखादा कॅमेरा. गेलं तर तेवढंच जायचं. २०१३मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं तोवर खिशातला फोन हुशार झाला होता. आज तर त्याच्यात अख्खी बँक असते. फोन पंधरा हजारांचा असला तरी चोराच्या हाती लागतं ते त्याहून फार मोठं. लोक फोनला कुलूप लावतात आणि निर्धास्त होतात. पण बऱ्याच फोनांवर बँकेचा ओटीपी कुलूपबंद पडद्यावरही दिसतो. आणि चोरानं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तुमचा नंबर त्याच्या हातात. म्हणून घरून निघण्याआधीच्या रात्री एवढं करा. बंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणार नाही अशी सोय करा. सिमला स्वतःचा वेगळा पिन लावा. ती सोय फोनमध्येच असते, फारसं कुणी वापरत नाही. पिन घालताना मात्र कंपनीचा मूळ आकडा आधी विचारून घ्या, तीन वेळा चुकलं की सिम अडकतं. मग फोनवर *#०६# दाबा. पंधरा आकड्यांचा आयएमईआय नंबर दिसेल, तो वहीत लिहून वही घरी ठेवा. फोनमध्येच त्याचा फोटो काढून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. फोन गेल्यावर तो फोटो कुठे बघणार?

दोन फोन असतील तर जुना न्या. घरात सहा माणसं असतील तर सहा फोन कशाला? दोन पुरतात. एक कार्ड, थोडी रोकड, बाकी पाकीट घरी. परवाना आणि गाडीची कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये असतातच. घरातल्या एकाचा तरी नंबर तोंडपाठ असू द्या आणि लहान मुलांच्या मनगटावर पेनानं लिहा. गळ्यात अडकवायची प्लास्टिकची थैली घ्यायची असेल तर आधी घरी आत कोरडा कागद घालून बादलीत बुडवून बघा. स्लाइडवर ती चालत नाही, तेव्हा लॉकरला ती पर्याय नाही.

लॉकर घेताना घाई करू नका. दार ओढून बघा, वाकतं का. शेजारच्या लॉकरच्या किल्लीनं आपला उघडतो का, हे त्या शेजाऱ्यालाच सांगून करून बघा. त्यालाही ते कळायला हवं. आकडे दाबायचा असेल तर १२३४ किंवा जन्मसाल नको, आणि दाबताना दुसरा हात वर धरा. सामान ठेवलं की उघड्या लॉकरचा, नंबर दिसेल असा, एक फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवा. पावती मागा. भाड्याची पावती नसेल तर पुढे कुठेच उभं राहता येत नाही.

गाडीत सामान ठेवायचं असेल तर पार्कच्या वाहनतळावर डिकी उघडून ठेवू नका, बघणारे बघत असतात. वाटेत चहाला थांबाल तिथेच पिशव्या आत सरकवा. आणि लक्षात घ्या, दिल्लीचा निकाल किल्ली हवाली केलेल्या गाडीचा होता. स्वतः गाडी लावून किल्ली खिशात घालून गेलात तर भांडण जास्त अवघड होतं.

शाळांच्या सहलींबद्दल थोडक्यात. मुलांनी काय आणायचं याची यादी शाळा देतेच. काय आणायचं नाही याचीही द्यावी, आणि शंभर मुलांच्या दप्तरांपाशी एका शिक्षिकेला दिवसभर बसवू नये. एवढ्या मोठ्या गटासाठी कुलूपबंद खोली देणं पार्कचं काम आहे. आगाऊ नोंदणी करतानाच ती मागून घ्या.

आणि तरीही चोरी झाली तर? आरडाओरडा नको, घाई हवी. पहिल्यांदा दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करा, मग बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड थांबवा. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा. मग पार्कच्या मॅनेजरला लेखी तक्रार द्या आणि त्यात एक ओळ न विसरता लिहा, की अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंतचं कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवावं. जुन्या चित्रणावर काही दिवसांत नवं चढतं. पोलीस हळूहळू कागदपत्र करत पोचेपर्यंत ते गेलेलं असतं. तक्रारीच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय दारातून बाहेर पडू नका.

पोलीस ठाण्यात बऱ्याचदा वस्तू गहाळ झाल्याचा दाखला घेऊन जायला सुचवतात. लवकर मिळतो म्हणून लोक घेतात. फुटलेल्या लॉकरमधून फोन गेला असेल तर तो गहाळ झालेला नाही, चोरीला गेला आहे, आणि विमा असेल तर त्यासाठीही चोरीचीच नोंद लागते. भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३मध्ये आहे. पाच हजारांखालच्या वस्तूची चोरी अदखलपात्र धरली जाते, म्हणून वस्तूचं बिल जवळ असू द्या. आणि सहल संपवून पुण्याला किंवा मुंबईला परत आलात तरी दार बंद होत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, तिची प्रत फुकट मिळाली पाहिजे. ती प्रत आणि त्याच नंबरचं नवं सिम हाती आलं की सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर तो आयएमईआय टाका. देशभरातल्या मोबाइल नेटवर्कवर तो फोन चालेनासा होतो. २०२३पासून ही सोय सगळ्या राज्यांत आहे.

पार्कनं हात वर केले तर १९१५ हा ग्राहकांचा मदत क्रमांक आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठं काम केलं आहे. तक्रार पार्क ज्या जिल्ह्यात आहे तिथेच करायला हवी असं आता नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. साताऱ्याच्या माणसानं साताऱ्यातच करावी. तुम्ही पार्कला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षं. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्याही होते. पाच हजारांच्या फोनसाठी कोण एवढं करतो, असं म्हणून आपण सोडून देतो, आणि ती पाटी आपल्या याच वाक्याच्या आधारावर उभी आहे.

सरकारकडे मागणी एक. सार्वजनिक करमणुकीच्या जागांवर नियंत्रण ठेवायचा अधिकार महाराष्ट्र पोलीस कायद्यानं, १९५१पासून, पोलीस आयुक्त आणि जिल्हा दंडाधिकारी यांच्याकडे दिलेला आहे. परवान्याच्या अटींत तीन ओळी घाला. लॉकर कॅमेऱ्याच्या नजरेत, दुसऱ्या किल्लीची वही, आणि भाड्याच्या शंभर पट भरपाई दारावर छापलेली. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आणि वाचकहो, सुट्टीची तिकिटं तुम्ही ऑनलाइनच काढणार. पैसे भरण्याआधी त्या पार्कला एक ईमेल पाठवा आणि एकच प्रश्न विचारा, तुम्ही भाड्यानं दिलेला लॉकर फुटला तर किती भरपाई देता? लेखी उत्तर आलं तर जपून ठेवा आणि खुशाल जा. उत्तर आलं नाही, तर त्या पार्कात पैसे घालू नका.